अंग चोरून उभं राहिलेलं अक्षर

एसटीच्या पाटीवर ‘नृसिंहवाडी’ लिहायचं म्हणजे हातभर पत्र्यात सहा उभे दंड बसवायचे. वर वेलांटी आणि अनुस्वार, खाली ऋकार, आणि दंड नसलेले ह, ड पोट सोडून बसलेले. ‘शिरोळ’ला ही अडचण नाही. वाडीला मात्र अक्षरानं अंग चोरावंच लागतं, आणि अंग चोरलं की जाडीही सोडावी लागते. नाहीतर ण, ष, क्ष यांच्या पोकळ्या बुजतात. रोमन अक्षर अरुंद आणि काळंकुट्ट असलं तरी वाचता येतं. देवनागरीला एकच वाट उरते, बारीक होण्याची.

रोमनमध्ये सेरिफ गाळलेला पहिला टाइप १८१६च्या सुमारास लंडनच्या विल्यम कॅस्लन चौथ्यानं दाखवला. पुढं जाहिरातींनी तो उंच-अरुंद केला. आपल्याकडे जावजी दादाजींनी १८६४मध्ये टाइपचा कारखाना काढला, पण त्यांच्या निर्णयसागर छापखान्याचं अक्षर बोरूच्या वळणाचं, जाड-बारीक आणि ऐसपैस. मग एकाच जाडीचं सडपातळ देवनागरी आलं कुठून?

कोल्हापूरचे लोक लगेच सिनेमाकडे बोट दाखवतील. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी १९१८ची, तेव्हा पोस्टरवाल्यांचाच हात असणार म्हणतील. मला पटत नाही. पोस्टरला भिंत मोकळी मिळते. तिथं अक्षर बारीक कशाला होईल?

माझं बोट मोडीकडे आहे. शाळेत बालबोध लिहिताना आपण आधी शब्द लिहितो, मग वर रेघ मारतो. मोडीत उलटं: आधी ओळभर रेघ, मग तिला टांगलेली अक्षरं. पाटी रंगवणाराही आधी रेघ आखतो आणि तिच्याखाली जागेची वाटणी करतो. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ला पुणे-अहमदनगर धावली, तेव्हा मोडी शाळांतून पुरती गेली नव्हती. पहिल्या पिढीतल्या कित्येक पेंटरांचा हात त्या रेघेवरच बसलेला असणार. मोडी गोल आणि कललेली, पाटीचं अक्षर ताठ, हा आक्षेप खरा आहे. पण पेंटरनं मोडीचं वळण उचललंच नाही, उचलली ती रेघेची शिस्त. बाकी सगळं चपट्या ब्रशनं आणि अपुऱ्या पत्र्यानं घडवलं.

तिसरा दावेदार संगणक, पण तो एका खुणेत उघडा पडतो. फ्लेक्सवाला साधा फॉन्ट आडवा दाबतो, तेव्हा दंड बारीक होतात आणि शिरोरेखा मात्र तशीच जाड राहते. पेंटरच्या अक्षरात दोन्ही सारखे. २०१४च्या सुमारास आलेले ‘खंड’ आणि ‘टेको’ हे फॉन्ट मुळातच अरुंद आखलेले, म्हणून त्यांत हा दोष नाही. पुस्तकाचा कणा, वेळापत्रकाचे रकाने, लांब नावाची पाटी इथं ते वापरावेत, वेलांट्या-उकारांसाठी ओळींत अंतर जरा जास्त ठेवून. सलग मजकूर त्यांत लावला, तर डोळ्यांसमोर नुसते दंडच नाचतात.