घडीचा चाकू : संग्रहाला लागण्यापूर्वी

घडीचा चाकू म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे बहुधा दोन चित्रे उभी राहतात: हिंदी चित्रपटातल्या खलनायकाच्या हातातला रामपुरी, आणि परदेशातून आलेल्या पाहुण्याने दिलेला लाल मुठीचा स्विस चाकू. या दोहोंच्या मधला प्रदेश फार मोठा आहे आणि आपल्याकडे त्याच्याविषयी फारसे लिहिले गेलेले नाही. शेतकरी, मेंढपाळ, माळी आणि शाळकरी मुले खिशात बाळगत आलेल्या साध्या चाकूंचा हा प्रदेश. पाव आणि चीज कापणे, पेन्सिलीला टोक करणे, सुतळी तोडणे, फांदी छाटणे ही त्यांची कामे. हे पुस्तक या चाकूंविषयी आहे. त्यांच्याकडे शस्त्र म्हणून न पाहता अवजार म्हणून पाहावे, एवढी एकच अट वाचकांनी सुरुवातीला मान्य करावी.

तशी नजर आपल्याला परकी नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना सुपारी कातरण्याच्या वस्तूवर कारागीर किती जीव ओततो हे वेगळे सांगायला नको. घरगुती अवजाराला संग्रहालयाच्या कपाटात मानाची जागा असू शकते, हे केळकरांनी आपल्याला दाखवून दिले. खिशातला चाकू त्याच मानाचा हक्कदार आहे, असे मला मनापासून वाटते.

नवा माणूस चाकू हाती घेतो तेव्हा आधी पाते पाहतो. ते स्वाभाविक आहे. पण तुम्ही सांध्यापासून सुरुवात करा. पाते मुठीत मिटते कसे, उघडल्यावर जागेवर थांबते कसे आणि कशाच्या जोरावर, या प्रश्नांची निरनिराळ्या गावांनी निरनिराळी उत्तरे शोधली. घडीच्या चाकूचा सारा इतिहास त्या उत्तरांत साठलेला आहे.

इंग्लंडमधल्या शेफील्डचे उत्तर म्हणजे पाठीची स्प्रिंग. मुठीच्या पाठीत पोलादाची एक लांब पट्टी बसवलेली असते आणि तिचा दाब पात्याच्या बुडावर पडतो. बुडाला नेमक्या जागी सपाट कडा घासलेल्या असल्यामुळे पाते पूर्ण उघडले किंवा पूर्ण मिटले की पट्टी त्या कडेवर चपखल बसते. कुलूप असे काही नसते. पाते उघडताना बोटांना जाणवणारी एकसंध ओढ आणि शेवटी येणारा खणखणीत ‘टक्’ यांवरून जाणकार चाकूची पारख करतात. स्प्रिंगची पाठ उघड्या चाकूत आणि मिटलेल्या चाकूत मुठीशी अगदी समतल राहिली पाहिजे; नखाला उंचवटा लागला तर काम कच्चे. ही जुळवणी हाताने कानशीने घासत करणारे, छोट्या खोल्यांत बसून स्वतंत्रपणे काम करणारे कारागीर शेफील्डमध्ये ‘लिटल मेस्टर’ म्हणून ओळखले जात. त्या शहरात चाकू-कात्रीवाल्यांचा संघ १६२४ साली कायद्याने स्थापन झाला. जोसेफ रॉजर्स या तिथल्याच पेढीने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, त्या वेळच्या इसवी सनाच्या आकड्याइतकी पाती असलेला एकच चाकू घडवला आणि पुढेही त्यात पात्यांची भर पडत गेली. उपयोग शून्य, पण सांध्यावरच्या प्रभुत्वाची ती जाहीर ग्वाही होती.

या चाकूंच्या खडबडीत, तपकिरी मुठींशी आपला एक थेट संबंध आहे. त्यांतल्या कितीतरी मुठींचे शिंग भारतातल्या सांबराचे. सांबराची शिंगे दरवर्षी आपोआप गळतात आणि आतून बरीच भरीव असतात, म्हणून मुठीसाठी त्यांना मोठी मागणी होती. आज वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हा व्यापार आपल्याकडे बंद आहे, आणि ते योग्यच आहे. नवी मूठ बसवायची असेल तर शिसवीचा किंवा बाभळीचा तुकडा घ्या; दोन्ही लाकडे या कामाला उत्तम.

तरीही पहिला चाकू शेफील्डचा असावा असे मी सुचवणार नाही. तो मान मी फ्रान्समधल्या सावोआ या डोंगराळ भागातल्या ओपिनेलला देतो. तिथल्या आल्बिए गावी अवजारे घडवणाऱ्या लोहाराचा मुलगा जोसेफ ओपिनेल याने १८९० मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, हा चाकू तयार केला. १८९७ पर्यंत त्याचे एक ते बारा असे आकार ठरले होते. १९०९ पासून पात्यावर मुकुट आणि आशीर्वादाचा हात अशी मुद्रा येऊ लागली. हात शेजारच्या सें-झाँ-द-मोरिएन या गावच्या चिन्हातला, म्हणजे संत जॉनचा. मुकुट सावोआच्या जुन्या सरदारकीचा. मूठ बीचच्या लाकडाच्या एकाच तुकड्याची. तिला एक चीर पाडलेली, टोकाला पोलादी कडे आणि आरपार एक रिव्हेट. स्प्रिंग नाहीच. १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेल याने त्यावर फिरणारे दुसरे कडे बसवले. ते फिरवले की पाते उघड्या जागी पक्के होते. इतक्या थोड्या भागांत इतके पूर्ण उत्तर मला दुसरीकडे आढळलेले नाही.

कोकणातल्या पावसाळ्यात हा चाकू वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लाकूड फुगते आणि पाते चिरेत घट्ट बसते. तेव्हा नखाने ओढत बसू नका; मुठीचे मागचे टोक लाकडी फळीवर हलकेच ठोका, पाते थोडे बाहेर येते. सावोआतली माणसे पिढ्यानपिढ्या हेच करत आली आहेत.

जपानमधल्या मिकी शहरचा ‘हिगोनोकामी’ याहूनही साधा आहे. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, आणि पात्याच्या बुडाशी बाहेर आलेली शेपटी अंगठ्याने दाबून धरायची. एके काळी जपानी शाळकरी मुले याच चाकूने पेन्सिली तासत. त्याची सविस्तर ओळख पुढे येईलच.

आता बदल करण्याविषयी, कारण बहुतेक नवे वाचक त्याच ओढीने येतात. साध्या पोलादाचे आठ नंबरचे ओपिनेल घ्या. त्याचे पाते साडेआठ सेंटिमीटरचे असते. मुठीवरचे व्हार्निश पॉलिश कागदाने काढा, आपल्या तळव्याला रुचेल तसा आकार द्या, मग जवसाच्या तेलाचे पातळ हात द्या आणि प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. तेलाची फडकी चुरगळून टाकू नका. ती आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवा. पात्याला रंग आणण्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही. घरच्या विळीचे पाते कैरी चिरून जसे निळे-काळे होते, तसेच हेही होईल, आणि हा थर तांबड्या गंजाला बराच अटकाव करतो. धार पाण्याच्या दगडावर हाताने लावा. फिरत्या चाकावर पाते तापून निळे पडले की पोलादाचे पाणी उतरते, आणि मग कितीही घासले तरी धार टिकत नाही.

कायद्याचीही माहिती असू द्या. आपल्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांची नोंद आहे आणि घरगुती व शेतीची अवजारे त्यातून वगळलेली आहेत. खिशातले चाकू या मापांच्या पुष्कळ आत येतात. मात्र पोलिसांचे स्थानिक बंदी आदेश वेगळे असू शकतात. मेट्रो, न्यायालय आणि विमानाच्या हातसामानात तर चाकू नकोच. संग्रह घरी शोभतो.

संग्रह वाढवण्याची घाई करू नका. एक चाकू रोज वापरा, त्याची धार स्वतः लावा, सांध्यात तेलाचा थेंब सोडा. त्याची खोड कळली की दुसरा कोणता घ्यावा हे तुमचे तुम्हाला उमगेल. बदल करायचे ते कारखान्यात आजही तयार होणाऱ्या चाकूंवरच करावेत, याविषयी माझे मत ठाम आहे. जुन्या चाकूची झीज हा त्याच्या मालकाच्या हाताचा पुरावा असतो.

म्हणून एक विनंती. स्वातंत्र्यापूर्वी शेफील्डचा माल आपल्याकडे भरपूर येत असे, आणि जुन्या घरांच्या खणांत, शिवणाच्या डब्यांत त्यातला एखादा चाकू अजून पडलेला असण्याचा चांगला संभव आहे. तो सापडला तर पॉलिश करू नका, पाते घासू नका. पात्याच्या बुडाशी कोरलेली मुद्रा पुसली की तो कोणाचा हे सांगणे कठीण होते. कोरड्या फडक्याने पुसा, सांध्यात तेल सोडा, चोवीस तास थांबा, मग हळूच उघडा आणि मुद्रेचे छायाचित्र घेऊन ठेवा. तो कोणी वापरला, कशासाठी वापरला, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून लिहून काढा.