गढी, वखार आणि वसाहत

अहिल्याबाई होळकरांच्या सासूबाईंचं माहेर तळोद्याचं, हे खान्देशाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. गौतमाबाई या इथल्या भोजराज बारगळांच्या कन्या. भोजराज मराठा सरदार कंठाजी कदमबांडे यांच्या चाकरीत स्वारांची तुकडी बाळगून होते. नीरेकाठच्या होळ गावी 1693 मध्ये जन्मलेला त्यांचा भाचा मल्हारी, म्हणजे पुढचे मल्हारराव होळकर, लहानपणीच वडिलांना पारखा झाला आणि आई त्याला घेऊन भावाच्या आश्रयाला आली. पोराने मामाची मेंढरं राखली, मग मामाच्या घोड्यावर मांड टाकली आणि शेवटी मामाचाच जावई झाला. झोपलेल्या मल्हारीवर नागाने फणा धरल्याची दंतकथा आहे, ती याच मेंढरं राखण्याच्या दिवसांतली. पुढचं माळवा-इंदूर सर्वश्रुत आहे.

बारगळांची गढी ही तळोद्याची कागदोपत्री सर्वांत मानाची वस्ती. पण गाव एवढं वाढलं ते गढीमुळे नव्हे, जागेमुळे. दक्षिणेला तापी, उत्तरेला सातपुडा, आणि डोंगराची उतरण जिथे सपाटीला लागते तिथे तळोदा. डोंगरातून खाली येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला पहिला बाजार इथेच भेटायचा.

सगळ्यांत आधी लाकूड. इंग्रजी अमलातल्या गॅझेटियरांनी तळोद्याची नोंद खान्देशातली मुख्य लाकूडपेठ अशी केली आहे आणि साऱ्या खान्देशात उत्तम बैलगाड्या इथल्या, असंही लिहून ठेवलं आहे. लाकूड आलं म्हणजे वखारी आल्या, वखारी आल्या म्हणजे सुतार-लोहार आले. गाडीचं चाक हे या दोघांचं सामाईक काम. सुताराने तुंब्यात आरे ठोकायचे, आऱ्यांवर पाटे बसवायचे. मग लोहाराची पाळी. लोखंडी धाव चाकापेक्षा किंचित तोकडी घडवायची, गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, चिमट्यांनी उचलून चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचं. लाकडाचा धूर आणि पाण्याची वाफ एकत्र उठते, धाव आक्रसते आणि अख्खं चाक करकरत आवळलं जातं. बेतात जरा चूक झाली तर चाक तरी पिचतं, नाहीतर धाव शेतात गळून पडते. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला इथे कालिकामातेची यात्रा भरते, तिच्यात बैलबाजार का, याचं उत्तर या गाड्यांच्या गावात वेगळं शोधावं लागत नाही.

दुसरा माल गवताचा. सातपुड्याच्या उतारावर रोशा नावाचं सुवासिक गवत वाढतं. पावसाळा सरता सरता ते फुलोऱ्यावर आलं की ओढ्याकाठी भट्ट्या लागत. मोठ्या कढईत गवत आणि पाणी भरायचं, झाकणाच्या फटी लिंपायच्या, झाकणातून बांबूची नळी काढून ती वाहत्या पाण्यात ठेवलेल्या तांब्याच्या भांड्यात सोडायची. वाफ थंड होऊन भांड्यात उतरली की पाण्यावर तेल तरंगे. हे तेल मुंबईमार्गे तुर्कस्तानापर्यंत जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई. इस्तंबूलच्या बाजारात गुलाब म्हणून जे हुंगलं जाई, त्यात तळोद्याच्या रानाचाही वाटा असे.

या दोन मालांवर आणि धान्याच्या व्यापारावर गाव एवढं सावरलं, की 1867 मध्येच इथे नगरपालिका झाली. 1901 च्या जनगणनेत लोकसंख्या होती 6,592. हा माल ज्या डोंगरातून येई, तिथल्या काठी, चिखली, सिंगपूर अशा भिल्ल संस्थानिकांच्या मुलुखाला मेवास म्हणत. तळोद्याच्या वनखात्याच्या कचेरीवर ते नाव अजून आहे: मेवासी वनविभाग.

मग डोंगरातून माणसं उतरली. नर्मदेवरच्या सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33 गावं येत होती. त्या विस्थापितांना जमीन द्यायची, तर ती आणायची कुठून? 1990 मध्ये तळोद्याच्या राखीव जंगलातलं सुमारे 2,700 हेक्टर क्षेत्र मोकळं करण्यात आलं, पुढे त्यात आणखी भर पडली. ज्या रानाच्या लाकडावर पेठ उभी राहिली, ते रानच वसाहतींसाठी तुटलं. रेवानगर, नर्मदानगर, सरदारनगर ही तालुक्यातली नवी गावं अशी जन्मली. दोन नावं सुटलेल्या नदीची, एक तिला अडवणाऱ्या धरणाचं.

ही जमीन रिकामी मात्र नव्हती. नकाशावर जंगल असलेल्या या तुकड्यांवर भिल्ल कुटुंबं नेवाड काढून, म्हणजे जंगलजमीन साफ करून, ज्वारी-तूर पिकवत होती. सरकारदरबारी ती अतिक्रमणदार. म्हणजे एका आदिवासीला वसवताना दुसऱ्याच्या पोटावर पाय येत होता, आणि सातबारा दोघांपैकी आधी मिळणार होता तो नव्याने आलेल्याला. 2006 चा वनहक्क कायदा झाल्यावर नेवाडधारकांना दावे दाखल करता आले, पण 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून आपण ही जमीन कसत होतो याचे पुरावे त्यांनाच गोळा करावे लागले.

तळोद्याचे मूळ रहिवासी कोण, असं विचारलं की माणूस आधी कागद धुंडाळतो, आणि चकतो तो तिथेच. गढीची ओळख अठराव्या शतकातली, पालिका एकोणिसाव्या शतकातली, वसाहतींचे सातबारे विसाव्या शतकाच्या अखेरचे, आणि भिल्लांचे वनहक्काचे दाखले एकविसाव्या शतकातले. वस्तीचा क्रम लावायचा असेल, तर ही यादी खालून वर वाचायला सुरुवात करावी.