दोन चित्रशैली आणि चित्रकार बेंद्रे

धारवाडात ‘बेंद्रे’ म्हटले की वरकवी द. रा. बेंद्रे यांचीच मूर्ती डोळ्यांसमोर उभी राहावी, हे स्वाभाविकच आहे. प्रस्तुत लेखातील बेंद्रे मात्र दुसरे. इंदूरचे चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे (१९१०–१९९२). दृक्‌प्रत्ययवाद आणि उत्तर-दृक्‌प्रत्ययवाद या पाश्चात्त्य शैलींमधील भेद जाणून घेण्यास त्यांच्या चित्रांइतका जवळचा आधार मराठी वाचकाला क्वचितच लाभेल.

१८७४ साली पॅरिसमध्ये भरलेल्या एका प्रदर्शनात क्लोद मोने याने बंदरावरील सूर्योदयाचे एक चित्र मांडले. त्याच्या नावातील ‘ठसा’ या अर्थाचा शब्द उचलून एका टीकाकाराने या चित्रकारांची थट्टा केली आणि तेच नाव पुढे रूढ झाले. चित्रशाळेतील काळपट छाया टाकून हे चित्रकार उघड्यावर आले. सावली काळी नसून निळसर-जांभळी असते, हे त्यांनी दाखविले आणि रंगांचे तुटक फटकारे शेजारी ठेवून त्यांचे मिश्रण पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर सोपविले. मोनेच्या या चित्रातील केशरी सूर्य आणि भोवतालचे करडे आकाश यांची उजळता जवळजवळ सारखीच आहे. त्यामुळे कृष्णधवल छपाईत तो सूर्य जवळपास नाहीसाच होतो. ज्यांना ही चित्रे केवळ जुन्या ग्रंथांतील एकरंगी छपाईतून भेटली, त्यांच्या हाती शैलीचे नाव लागले, शैली लागली नाही.

पुढील पिढीने हे रंगस्वातंत्र्य स्वीकारले, परंतु क्षणाची ताबेदारी नाकारली. सेझानने एकच पर्वत पुनःपुन्हा रंगविला तो त्याची घडण शोधण्यासाठी. व्हॅन गॉगचा पिवळा रंग उन्हाइतकाच मनाचाही आहे. सरा याने रंगबिंदूंची गणिती मांडणी केली. या सर्वांची शैली एक नव्हती. त्यांना उत्तर-दृक्‌प्रत्ययवादी हे सामाईक नाव इंग्रज समीक्षक रॉजर फ्राय याने १९१० च्या लंडनमधील प्रदर्शनात दिले.

त्याच वर्षी बेंद्रे जन्मले. इंदूरला देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली ते शिकले. त्यांची आरंभीची निसर्गचित्रे प्रकाशाच्या ओढीने काढलेली आहेत. १९५० ते १९६६ या बडोद्यातील अध्यापनकाळात त्यांचे लक्ष आकारांच्या बांधणीकडे वळले. ‘काटा’ या चित्रास १९५५ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. उत्तरायुष्यात त्यांनी सूक्ष्म रंगबिंदूंनी चित्रे रंगविली. वरवर पाहता ही मोनेच्या फटकाऱ्यांची आठवण वाटेल. परंतु या बिंदूंतून कोणतीही विशिष्ट घटिका पकडलेली नाही. आकृती स्थिर आणि रचना विचारपूर्वक आहे. म्हणून त्यांचे नाते मोनेपेक्षा सरा याच्याशी अधिक आहे. कोणत्याही मोकळ्या कुंचल्याला ‘इंप्रेशनिस्ट’ म्हणण्याची आपल्याकडील सवय हा भेद पुसून टाकते.

मराठी पारिभाषिक शब्द येथे साहाय्यक ठरतो. पहिल्या शैलीत डोळ्याला आलेला प्रत्यय हेच प्रमाण. दुसरीत तो केवळ आरंभ, पुढचा अधिकार बुद्धीचा किंवा भावनेचा. ग्रंथालयातील रंगीत चित्रसंग्रह चाळताना वाचकाने दोनच प्रश्न विचारावेत: हे चित्र कोणत्या वेळेचे आहे, आणि ती वेळ काढून घेतली तर मागे काय उरते?