हुस, यान

(सु. १३७०–६ जुलै १४१५). बोहेमियातील (आजचे चेक प्रजासत्ताक) धर्मसुधारक, प्राग विद्यापीठातील अध्यापक व चेक भाषेतील प्रभावी प्रवचनकार. कॉन्स्टन्स येथील धर्मसभेने त्याला पाखंडी ठरवले आणि त्याला जिवंत जाळण्यात आले. इंग्लिश धर्मपंडित जॉन विक्लिफ याच्या मतांपायी हुसचा बळी गेला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. खटल्याचे तपशील पाहिले तर हे अर्धेच खरे ठरते. मते हे निमित्त होते. मत चूक की बरोबर याचा निवाडा करण्याचा अधिकार कोणाचा, यावर खरा संघर्ष झाला.

हुसचा जन्म दक्षिण बोहेमियातील हुसिनेत्स या गावचा. प्राग विद्यापीठातून १३९६ मध्ये मास्टर झाल्यावर १४०० मध्ये त्याने धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली व १४०२ पासून तो प्रागच्या बेथलेहेम चॅपलमध्ये प्रवचने देऊ लागला. लोकांना त्यांच्याच भाषेत प्रवचन ऐकता यावे म्हणून १३९१ मध्ये हे प्रार्थनामंदिर स्थापन झाले होते. धर्मपदांची खरेदी-विक्री आणि धर्मगुरूंचा ऐषाराम हे हुसचे नेहमीचे विषय; साहजिकच वरिष्ठ धर्मगुरू दुखावले. १४०९ मध्ये राजा चौथा वेन्सेस्लास याने कुटना होरा येथील फर्मानाने विद्यापीठाच्या कारभारात चेकांना तीन मते व इतर तिन्ही गटांना मिळून एक मत दिले. त्यावर जर्मन अध्यापक-विद्यार्थ्यांनी प्राग सोडले आणि त्याच वर्षी लाइपसिक विद्यापीठ उभे राहिले. १४१० मध्ये प्रागच्या आर्चबिशपने विक्लिफचे ग्रंथ जाळले व हुसला बहिष्कृत केले. तरीही राजाचे पाठबळ टिकून होते. ते गेले १४१२ मध्ये. पोप तेविसावा जॉन याने नेपल्सच्या राजाविरुद्धच्या युद्धासाठी पापक्षमापत्रे विकायला काढली. वेन्सेस्लासची त्याला संमती होती, हुसने मात्र जाहीर विरोध केला. प्रागमध्ये निषेध करणाऱ्या तीन तरुणांचा शिरच्छेद झाला, शहरातले धर्मविधी बंद करण्याचा आदेश निघाला आणि हुसने प्राग सोडले. जाताना त्याने आपले अपील थेट येशू ख्रिस्ताकडे दाखल केले. चर्चच्या कायद्यात अशा अपिलाला जागाच नव्हती, आणि कायदेपंडितांना ते हास्यास्पद वाटले असल्यास नवल नाही. परंतु पोपच्या वरही न्यायासन आहे व तिथे श्रद्धावंताला थेट दाद मागता येते, ही भूमिका त्यात उघड होते. पुढच्याच वर्षी ‘दे एक्लेसिया’ (चर्चविषयी) या लॅटिन ग्रंथात त्याने ती सविस्तर मांडली : चर्चचे मस्तक ख्रिस्त, ख्रिस्ताच्या विरुद्ध वागणारा पोप केवळ पदामुळे त्याचा प्रतिनिधी ठरत नाही.

सम्राटपदाचा दावेदार सिगिस्मुंड याने अभयपत्राचे आश्वासन दिल्यावर हुस ३ नोव्हेंबर १४१४ रोजी कॉन्स्टन्सला पोहोचला आणि महिना संपायच्या आत तुरुंगात पडला. त्या वेळी तीन पोप एकमेकांविरुद्ध उभे होते व हा घोळ मिटवण्यासाठीच सभा भरली होती. ६ एप्रिल १४१५ रोजी तिने धर्मसभा पोपहून श्रेष्ठ असल्याचा ठराव केला आणि २९ मे रोजी तेविसाव्या जॉनला पदच्युत केले. अयोग्य पोपला मान तुकवू नये, हे हुसचे म्हणणे तिने स्वतः अमलात आणले होते, असे म्हणावेसे वाटते. पण सभेच्या लेखी फरक मोठा होता. पोपला हटवण्याचा अधिकार सभा आपल्याकडे घेत होती; हुस तोच निवाडा धर्मग्रंथ व सदसद्‌विवेक यांच्या आधारे व्यक्तीवर सोपवत होता. आपली चूक धर्मग्रंथातून दाखवा, मी ती सोडतो, हे त्याचे एकच मागणे. सभेचे उत्तरही एकच : आधी शरण ये. दोन डोळे असूनही सभेने एकच आहे म्हटले तर तू ते मान्य केले पाहिजेस, असे एका पंडिताने आपल्याला सांगितल्याचे हुसने तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात नोंदवले आहे.

यावर पहिला आक्षेप असा की, हुस खरोखरच विक्लिफवादी होता आणि सभेने विक्लिफला पाखंडी ठरवल्यावर त्याची शिक्षा अटळ होती. ‘दे एक्लेसिया’तील बराच मजकूर विक्लिफकडून आलेला आहे, हे नाकारता येत नाही. मात्र ख्रिस्तप्रसादाबाबत, म्हणजे विक्लिफच्या सर्वांत धोकादायक मानलेल्या मताबाबत, हुस अखेरपर्यंत परंपरेला धरून होता. तरीही विरुद्ध मत त्याच्या माथी मारले गेले. आरोपपत्रातील मते सोडून दिल्याची शपथ घेतली असती तर प्राण वाचले असते. जी मते कधी मांडलीच नाहीत ती ‘सोडतो’ म्हणणे म्हणजे देवासमोर खोटी शपथ, म्हणून त्याने नकार दिला. केवळ सिद्धान्ताचा प्रश्न असता, तर हा नकार अनाकलनीय ठरला असता.

दुसरा आक्षेप चेक-जर्मन वैराचा. कुटना होराचे वैर कॉन्स्टन्सपर्यंत पोहोचले होते हे खरे. पण खटल्यातील प्रमुख आरोपकर्त्यांपैकी स्टेफान पालेच हा चेकच, आणि एके काळचा हुसचा स्नेही. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : तत्कालीन चर्चच्या कायद्यात चुकीच्या मताला हट्टाने चिकटणे म्हणजेच पाखंड, तेव्हा सभा नियमानेच वागली. प्रक्रियेपुरते हे मान्य करावे लागते. अभयपत्राचा भंग मात्र त्या कायद्याने झाकला, तरी सिगिस्मुंडच्या शब्दाला बोहेमियात किंमत उरली नाही. आणि हट्ट हाच गुन्ह्याचा गाभा असेल, तर वाद शरणागतीचा होता हेच सिद्ध होते.

६ जुलै १४१५ रोजी हुसची धर्मगुरुपदाची वस्त्रे उतरवून त्याला जाळण्यात आले व राख ऱ्हाइन नदीत टाकली गेली. सप्टेंबरमध्ये बोहेमिया-मोरेव्हियाच्या ४५२ सरदारांनी सभेकडे निषेधपत्र पाठवले. हुसचा सहकारी प्रागचा जेरोम १४१६ मध्ये त्याच वाटेने गेला. १४१९ पासून हुसपंथीयांचा उठाव पेटला. त्यांचा सेनापती यान झिझ्का याच्या सैन्याने सिगिस्मुंडच्या फौजा पुन्हापुन्हा परतवल्या. अखेर बाझलच्या धर्मसभेला वाटाघाटी कराव्या लागल्या. १४३२ मध्ये खेब येथे ठरले की, ईश्वरी नियम, ख्रिस्त व प्रेषितांचे आचरण आणि आद्य चर्च, तसेच यांवर खरोखर आधारलेल्या धर्मसभा व आचार्य, यांना वादात न्यायाधीश मानावे. हुसच्या कॉन्स्टन्समधल्या मागणीचा गाभा यात आला होता. १४३६ च्या करारान्वये सामान्य श्रद्धावंतांना प्रसादातील द्राक्षारसाचा चषकही मिळाला. हुसवरचा निकाल मात्र कायम राहिला.