ट्विडल मफ

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीच्या अस्वस्थ हातांना चाळा म्हणून दिली जाणारी, दोन्ही टोकांना उघडी असलेली लोकरीची विणलेली नळी. तिच्या आतबाहेर बटणे, फिती, मणी, चेन, गोंडे शिवलेले असतात. ब्रिटनमधील रुग्णालये व शुश्रूषागृहांत ती विशेष रुळली आहे; विणकाम बहुधा स्वयंसेवक करतात. आजार बळावून शब्द हरवले, तरी स्पर्शाला मिळणारा प्रतिसाद पुष्कळदा टिकून राहतो. तोच या कल्पनेचा आधार. हात गुंतले की सलाइनची नळी ओढणे, कपडे चुरगाळणे कमी होते, असा परिचारिकांचा अनुभव. ठोस संशोधन मात्र तोकडेच. संसर्ग टाळण्यासाठी एक मफ एकाच रुग्णाला देतात. सैल मणी तोंडात जाण्याचा धोका खरा आहे, म्हणून प्रत्येक टाका ओढून तपासावा लागतो.