पेन्शनरांनी ठोठावलेले दार

“पेन्शन वेळेवर मिळते, मग संघटना कशास हवी?” असे नुकतेच निवृत्त झालेले आमचे तरुण जवान विचारतात. त्यांच्यापुढे आम्ही आपल्या समाजाच्या इतिहासाचे एक पान ठेवू इच्छितो.

गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीस राहिले. पेन्शन त्यांसही होतीच. परंतु १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा ते स्वस्थ बसले नाहीत. पेन्शनरांच्या वतीने त्यांनी या बंदीविरुद्ध अर्ज तयार केला. मागणी स्वतःसाठी नव्हती. मागून येणाऱ्यांसाठी होती. त्या वेळी यश आले नाही, पण मागणी मेली नाही. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी ती पुन्हा मांडली. १९१७ साली महायुद्धात पलटण उभी राहिली, १९२१ साली मोडली. अखेर ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावास महार रेजिमेंट स्थापन झाली.

ज्या दारातून आमचे जवान आत गेले, ते असे पेन्शनरांनी ठोठावलेले होते. आज संघटनेतील वृद्ध सुभेदार थकले आहेत. वीरपत्नींचे अर्ज कोणी लिहावेत? तरुण बंधूंनी माजी सैनिक संघटनेत नाव नोंदवावे, एवढीच आमची विनंती आहे.