वेष पालटून गेलेले खेळ

देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला, तेव्हा व्हेनिसचा सेनापती मराठी नाव धारण करून रंगभूमीवर आला. भाषांतर आणि रूपांतर यांतला भेद मराठी वाचकाला अशा नाटकांतूनच उमगला. रूपांतराचाच एक अलीकडचा इतिहास आम्ही येथे मांडणार आहोत. मात्र तो नाटकांचा नाही. १९८० पासून पुढे जपानमधून अमेरिकेत आणि युरोपात गेलेल्या व्हिडिओ खेळांचा तो आहे. नातवंडांच्या हातातल्या खेळण्याला त्रैमासिकाची पाने कशाला, असे एखाद्या वाचकाला वाटेल. परंतु परमुलखात जाताना काय टाकावे लागते आणि काय जपता येते, हा प्रश्न आपल्यापैकी कुणालाच परका नाही.

आरंभ एका अक्षरापासून झाला. १९८० साली नामको कंपनीच्या तोरू इवातानी यांनी गोल तोंडाचा एक खादाड जीव निर्माण केला. मचमच खाण्याला जपानीत ‘पाकु पाकु’ म्हणतात. त्यावरून त्याचे नाव ‘पक मॅन’ पडले. अमेरिकेत यंत्रांवर हे नाव रंगवायचे, तर एखादे व्रात्य पोर रोमन लिपीतील पहिल्या अक्षराचा थोडासा भाग खरवडून त्याची शिवी करील, ही धास्ती होती. म्हणून तिकडे तो ‘पॅक-मॅन’ झाला. खरी हानी मात्र भुतांच्या नावांत झाली. पाठलाग करणारे, वाट अडवून दबा धरणारे, लहरी आणि वेड पांघरणारे, अशी चार भुतांची जपानी नावे त्यांचा स्वभावच सांगत. इंग्रजीत त्यांची ब्लिंकी, पिंकी, इंकी आणि क्लाइड झाली. पहिल्या तिघांचे यमक जुळले, चौथ्याने ते मोडले. गंमत झाली खरी, पण दबा धरणाऱ्या गुलाबी भुताला ‘वेगवान’ असे विशेषण जोडल्याने खेळणाऱ्याला मिळायचा इशारा हरवला.

निन्टेंडो कंपनीला नावापेक्षा वस्तूचेच वेषांतर करावे लागले. जुलै १९८३ मध्ये जपानात ‘फॅमिकॉम’ बाजारात आला तो खेळण्याच्याच रूपात, लाल-पांढऱ्या रंगांत. त्याच सुमारास अमेरिकेत घरगुती व्हिडिओ खेळांचा बाजार कोसळला होता आणि दुकानदारांना त्यांचे नावही नकोसे झाले होते. म्हणून १९८५ साली न्यूयॉर्कमध्ये विक्रीस ठेवलेले यंत्र करड्या रंगाचे होते, व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डरसारखे पुढून उघडणारे होते, आणि त्याच्या नावात ‘खेळ’ हा शब्दच नव्हता. ती ‘एंटरटेनमेंट सिस्टिम’ होती. सोबत एक छोटा यंत्रमानव दिला होता. यंत्र दुकानात शिरावे एवढ्यापुरतेच त्याचे काम होते, आणि ते त्याने चोख बजावले.

रूपांतराची सर्वांत विलक्षण कथा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या दुसऱ्या भागाची आहे. १९८६ साली जपानात निघालेला हा भाग पहिल्या भागात पारंगत झालेल्यांसाठीच रचला होता. ज्या अळंबीने मारिओचे बळ वाढे, तिच्याचसारखी दिसणारी विषारी अळंबी त्यात पेरलेली होती. अमेरिकी शाखेतील हॉवर्ड फिलिप्स यांनी तो खेळून पाहिला आणि त्यांना आनंदापेक्षा त्रागाच अधिक झाला. हा भाग अमेरिकेत न आणण्याचे ठरले. मग ‘दुसरा भाग’ म्हणून द्यायचे काय?

१९८७ साली फुजी टेलिव्हिजनने भरवलेल्या ‘युमे कोजो’ या महोत्सवाच्या निमित्ताने निन्टेंडोने ‘दोकी दोकी पॅनिक’ नावाचा वेगळाच खेळ काढला होता. त्याचा थाट अरबी सुरस कथांचा. पात्रे इमाजिन, लीना, मामा आणि पापा, म्हणजे त्या महोत्सवाचीच मंडळी. तोच खेळ घेऊन इमाजिनच्या जागी मारिओ, मामाच्या जागी लुईजी, पापाच्या जागी टोड आणि लीनाच्या जागी राजकन्या बसवली गेली. १९८८ साली अमेरिकेने त्याला ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ म्हणून आनंदाने स्वीकारले. जमिनीतून भाज्या उपटून शत्रूवर फेकणारा मारिओ पहिल्या भागाशी जुळत नाही, याची बहुतेक मुलांना दिक्कत वाटली नाही.

कलम केलेली फांदी पुढे मूळ झाडाचीच झाली. मामाची उंच उडी लुईजीच्या वाट्याला आली आणि भावाहून उंच, सडपातळ लुईजी तेव्हापासून तसाच राहिला. पांढरे मुखवटे घातलेले ‘शाय गाय’ आणि चालते बॉम्ब मारिओच्या जगाचे कायमचे रहिवासी झाले. १९९२ साली हा खेळ जपानात परतला तो ‘सुपर मारिओ यूएसए’ या नावाने. स्वतःच्याच मायदेशी तो परदेशी पाहुणा ठरला. अमेरिकी मुलांसाठी अतिकठीण ठरवलेला मूळ दुसरा भाग १९९३ साली ‘लॉस्ट लेव्हल्स’ नावाने अमेरिकेत गेला, तेव्हा तोही पाहुणाच होता.

लिखित मजकुरावर उभ्या असलेल्या खेळांची अडचण निराळी. स्क्वेअर कंपनीच्या ‘फायनल फँटसी’चा चौथा भाग १९९१ साली अमेरिकेत ‘दुसरा’ म्हणून गेला, कारण मधले दोन तिकडे पोहोचलेच नव्हते. १९९४ चा सहावा त्याच हिशेबाने ‘तिसरा’ झाला. धर्मचिन्हे आणि मद्य यांवर अमेरिकी निन्टेंडोची कडक नजर असे. म्हणून ‘पवित्र’ अशा नावाच्या मंत्राचे चौथ्या भागात ‘श्वेत’ झाले, सहाव्या भागात ‘मोती’, आणि मद्यालयांचे कॅफे झाले. सहाव्या भागाचे भाषांतर टेड वूल्सी यांनी सुमारे तीस दिवसांत केले. जपानी लिपीत दोन-तीन अक्षरांत मावणारा शब्द इंग्रजीत सहज दुपटीहून अधिक जागा मागतो, आणि कार्ट्रिजमधील जागा तर मोजकीच. पुढील काळात मुळाशी ताडून पाहणाऱ्यांनी वूल्सी यांना बरेच बोल लावले. आम्हांस हा अन्याय वाटतो. इतक्या चिंचोळ्या जागेत पात्रांना ओळखू येईल असा आवाज देणे हे लहान काम नव्हे. १९९७ साली सातवा भाग सातवा म्हणूनच गेला, आणि अमेरिकी ग्राहकाने तिनावरून एकदम सातावर उडी घेतली.

‘पोकेमॉन’विषयी थोडक्यातच सांगतो. १९९६ चा हा खेळ १९९८ साली अमेरिकेत गेला, तेव्हा आग आणि सरडा या शब्दांच्या जोडातून झालेला ‘हितोकागे’ तिकडे जळणे आणि सॅलमँडर यांच्या जोडातून ‘चारमँडर’ झाला. नाव गेले, नाव घडवण्याची रीत राहिली. याला आम्ही उत्तम रूपांतर म्हणू. त्याच मालेच्या दूरचित्रवाणी मालिकेत पडद्यावर भाताचा गोळा धडधडीत दिसत असता त्याला जॅम भरलेला डोनट म्हणणे मात्र हास्यास्पद होते.

या शतकात वारा पालटला. सेगा कंपनीचा ‘र्यू गा गोतोकू’ २००६ साली ‘याकुझा’ या नावाने इंग्रजी आवाजांसह पश्चिमेत गेला. २००८ साली दुसरा भाग गेला तो मूळ जपानी आवाज राखून, खाली इंग्रजी अक्षरे देऊन. २०२२ पासून तर मालेचे नावच मूळ अर्थाला धरून ‘लाइक अ ड्रॅगन’ झाले. जे लपवायचे होते, तेच आता ग्राहकाला हवे होते.

या स्थित्यंतराचा खरा कस लागला तो शु ताकुमी यांच्या न्यायालयीन खेळात. २००१ साली जपानात निघालेल्या या खेळातील तरुण वकिलाचे आडनाव नारुहोदो. म्हणजे आपल्या बोलीत ‘अस्सं होय!’ २००५ च्या इंग्रजी आवृत्तीत अलेक्झांडर स्मिथ यांनी त्याला फिनिक्स राइट केले, कथा लॉस एंजेलिसमध्ये नेली, आणि शेवयांच्या वाडग्याऐवजी सहायिकेच्या आवडीत हॅम्बर्गर आला. पण पुढल्या भागांत डोंगरातले जपानी धाटणीचे खेडे आले, देवळे आली, पारंपरिक पोशाख आले. हे सारे कॅलिफोर्नियात कोठून आले?

त्या भागांच्या रूपांतरकार जॅनेट शू यांनी पुढे याचे उत्तर दिले. १९१३ च्या भूमि-कायद्यासारखे परदेशीयांविरुद्धचे कायदे जेथे झालेच नाहीत आणि जपानी लोकांची संस्कृती जेथे मोकळेपणी रुजली, अशा एका वेगळ्या कॅलिफोर्नियात ही कथा घडते, असे त्यांनी योजले होते. प्रत्यक्षातील १९१३ च्या कायद्याने तेथील जपान्यांना शेतजमिनीची मालकी नाकारली; १९२४ च्या कायद्याने त्यांचे येणे बंद केले; १९४२ पासून सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या माणसांना छावण्यांत डांबले गेले, आणि त्यांतील बहुसंख्य जन्माने अमेरिकी नागरिक होते. हॅम्बर्गरची विसंगती सावरण्यासाठी शोधलेल्या सबबीत हा सगळा इतिहास दडलेला आहे. वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेरला आपल्या पूर्वजांची देवळे आणि वाचनालये उभी राहिली ती तेथे त्यांना आश्रय आणि अधिकार होते म्हणून, हे आम्हांस येथे आठवल्यावाचून राहिले नाही.

याच मालेतील, वकिलाच्या पूर्वजाची कथा सांगणारे दोन खेळ जपानात २०१५ आणि २०१७ साली निघाले. मेइजी काळातील एक विद्यार्थी बोटीने लंडनला जातो आणि तेथील न्यायालयात परका म्हणून उभा राहतो, असे त्याचे कथानक. इंग्रजी आवृत्ती यावयास २०२१ साल उजाडले. या वेळी तोक्यो तोक्योच राहिले. इंग्रजी आवृत्तीत पूर्वजाचे नाव र्यूनोसुके नारुहोदो असे आहे. वंशज अजून फिनिक्स राइट.